क्लेम चुकीच्या रकान्यात गेला आहे

खानापूर तालुक्यातील एका भगिनींच्या सविस्तर पत्राचा सारांश असा: "आमच्या यजमानांचे वय ५१, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ९६ किलो. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत ते सुपरवायझर असून पगार सत्तावीस हजार आहे. ऑगस्टमध्ये रक्तदाब फार वाढल्याने ते बेळगावच्या एका रुग्णालयात तीन दिवस दाखल होते. ९ ऑगस्टला घरी सोडले आणि तो क्लेम कॅशलेस मंजूर झाला. पुढे २६ सप्टेंबरला कोल्हापुरातील एका रुग्णालयात स्लीप स्टडी केली. तासाला ३८ वेळा श्वास अडखळतो आणि ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरतो, असे निघाले. त्या एका रात्रीचे १८,५०० रुपयांचे बिल १० ऑक्टोबरला विमा कंपनीकडे पाठवले, तर 'केवळ तपासणीसाठी दाखल' असे कारण देऊन नामंजूर केले. आमची पाच लाखांची पॉलिसी २०२० पासून अखंड चालू आहे आणि ती कोल्हापूर शाखेतून घेतलेली आहे. झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या ऑटो सीपॅप यंत्राचे कोटेशन ६७,२०० रुपयांचे आले आहे; भाड्याने घेतल्यास महिना ४,००० आणि डिपॉझिट १०,००० सांगतात. यंत्र विम्यात बसत नाही म्हणतात, पण अमेरिकेतला भाचा सांगतो की तिथे विमाच यंत्र देतो. एजंट म्हणतात, दोन दिवस ॲडमिट दाखवून यंत्राचे पैसे बिलात बसवू. सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त आहेत, तेही घोरतात. त्यांच्या नावावर यंत्र काढावे असे घरात बोलणे चालले आहे. पुण्याचे चुलत दीर आपले वापरलेले यंत्र १५,००० ला द्यायला तयार आहेत. आमचे गाव महाराष्ट्राच्या सीमाभागातील ८६५ गावांच्या यादीत आहे, त्यांच्यासाठीच्या आरोग्य योजनेतून काही मिळेल का? मार्चमध्ये पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची आहे. हा आजार अर्जात लिहू नका, असे एजंटांचे म्हणणे आहे. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही डिस्चार्ज समरी, स्लीप स्टडीचा रिपोर्ट, बिल, नामंजुरीचे पत्र आणि यंत्राचे कोटेशन अशा पाचही कागदांच्या प्रती पाठवल्या, हे फार बरे केले. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कागदांतच आहे, आणि ते तुमच्या एजंटांच्याही नजरेतून सुटलेले दिसते.

आधी पैशांपलीकडची एक गोष्ट. झोपेत तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडखळणे सामान्य समजले जाते, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि तीसच्या पुढे तीव्र. यजमानांचा आकडा ३८ आहे, म्हणजे हा घोरण्याचा त्रास राहिलेला नसून तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया आहे. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रक्तदाबामागे हा विकार असणे ही डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे. त्यातून हा माणूस खानापूरहून दुचाकीने उद्यमबागेत जातो आणि दिवसभर भट्टीपाशी उभा असतो. झोप अपुरी राहून दिवसा डुलकी लागणे त्याला किती महागात पडेल, हे मी वेगळे सांगायला नको. म्हणून विम्याचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेले यंत्र याच महिन्यात भाड्याने घ्या आणि उरलेल्या लढाया त्यानंतर शांतपणे लढा.

आता क्लेमविषयी. कंपनीने नामंजुरीच्या पत्रात अपवादाचा संकेतांक ०४ दिला आहे. प्रामुख्याने तपासणी आणि निदान यांसाठीच रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च मिळणार नाही, असे हे कलम सांगते, आणि ते सर्वच कंपन्यांच्या आरोग्य पॉलिसींत सारख्याच शब्दांत असते. तुम्ही २६ सप्टेंबरची रात्र हे स्वतंत्र हॉस्पिटलायझेशन म्हणून दाखवून नवा क्लेम भरलात, त्यामुळे तो या कलमाखाली पडणे अटळ होते. त्या रकान्यात कंपनीचे म्हणणे बरोबरच आहे, आणि त्यावर भांडत बसलात तर हरालच.

परंतु ती तपासणी त्या रकान्यात जायलाच नको होती. ऑगस्टमधील डिस्चार्ज समरीचे दुसरे पान पाहा. छापील मजकूर संपल्यावर, औषधांच्या तक्त्याखाली, डॉक्टरांनी पेनने एक ओळ लिहिली आहे: तीन औषधे चालू असूनही रक्तदाब आटोक्यात येत नाही, घोरण्याचा इतिहास आहे, स्लीप स्टडी करून घ्यावी. झेरॉक्समध्ये ती ओळ फिकट आली आहे, आणि कंपनीकडे गेलेल्या प्रतीतही ती तशीच असणार. तुमच्या पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या साठ दिवसांतील खर्च मिळण्याची तरतूद आहे. तो खर्च ज्या आजारासाठी दाखल केले त्याच आजाराशी निगडित असावा आणि मूळ क्लेम मंजूर झालेला असावा, एवढ्या दोन अटी आहेत. मूळ क्लेम मंजूर आहे. ९ ऑगस्टपासून २६ सप्टेंबर हा अठ्ठेचाळिसावा दिवस येतो. रक्तदाब हटत का नाही याचा शोध घेण्यासाठी दाखल करणाऱ्या डॉक्टरांनीच ती तपासणी सांगितली आहे. म्हणजे हे बिल नवा क्लेम नव्हे, तर ऑगस्टच्या क्लेमची उरलेली शेपटी आहे, आणि ते त्याच क्लेम क्रमांकाखाली डिस्चार्जनंतरचा खर्च म्हणून जायला हवे होते.

यासाठी तुम्हांला तीन कागद मिळवावे लागतील. बेळगावच्या ज्या डॉक्टरांनी यजमानांना दाखल करून घेतले होते, त्यांच्याकडून लेटरहेडवर चार ओळींचा दाखला घ्या: ही तपासणी रक्तदाब आटोक्यात न येण्याचे कारण शोधण्यासाठी सांगितली होती, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. हे खरेच आहे आणि त्यांच्याच हस्ताक्षरात आधीपासून नोंदलेले आहे, त्यामुळे ते द्यायला त्यांना अडचण वाटू नये. डिस्चार्ज समरीची स्वच्छ, शिक्क्याची प्रत रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून घ्या. तिसरा कागद मात्र कोल्हापूरच्या रुग्णालयातून आणावा लागेल, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

कोल्हापूरच्या बिलावर एकच ओळ आहे: "स्लीप स्टडी पॅकेज, १८,५०० रुपये". असे बिल विमा कंपनीच्या माणसासमोर गेले की त्यात खोलीचे भाडे किती, तंत्रज्ञाचे किती, रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांचे किती आणि प्रत्यक्ष तपासणीचे किती, हे त्याला कळत नाही. ज्याला कळत नाही तो नाही म्हणतो, कारण त्याच्यासाठी तेच सोपे असते. बिलिंग काउंटरवर जाऊन पॅकेजची फोड मागा आणि सुटे बिल, त्यावर तपासणीचे पूर्ण नाव, तारीख व सही-शिक्का घ्या. फोड केल्यावर खोलीचे भाडे कंपनी कदाचित कापेल, कारण रात्रभर झोपून केलेली असली तरी ही तपासणीच आहे. तपासणीचे शुल्क आणि डॉक्टरांची फी यांवर मात्र तुमचा दावा चांगला आहे. सगळे १८,५०० परत येतील अशी आशा धरू नका. त्यातला मोठा भाग येण्यासारखा आहे.

मुदत उलटली, असे कंपनी म्हणेल. डिस्चार्जनंतरच्या खर्चाची बिले साठ दिवस संपल्यावर पंधरा दिवसांत द्यावीत, अशी तुमच्या पॉलिसीची अट आहे आणि तो दिवस २३ ऑक्टोबरला येऊन गेला. पण तेच बिल आणि तोच रिपोर्ट १० ऑक्टोबरलाच कंपनीच्या हातात होता, आणि त्याची पोच तुमच्याकडे आहे. कागद वेळेत पोहोचले, फक्त शीर्षक चुकले, असे तुमच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे फेटाळू नये, अशी विमा नियामकाची कंपन्यांना जुनीच सूचना आहे. शिवाय मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कोणताही आरोग्य क्लेम कंपनीच्या दावे पुनर्विलोकन समितीच्या मंजुरीशिवाय फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतील नेमके कलम लेखी द्यावे लागते. पुन्हा नकार आला तर तो या समितीतून गेला आहे का, हे विचारा.

हा अर्ज टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेला) नव्हे, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. फक्त कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवे. सीमाभागातल्या माणसाला इथे एक सोय आहे, जी फारच थोड्यांना ठाऊक असते. तक्रार कोणत्या लोकपालाकडे करायची, हे तक्रारदाराच्या राहत्या पत्त्यावरून किंवा कंपनीच्या शाखेच्या ठिकाणावरून ठरते. तुम्ही खानापूर तालुक्यात राहता म्हणून बेंगळूरचे कार्यालय तुम्हांला खुले आहेच. पण पॉलिसी कोल्हापूर शाखेची असल्याने पुण्याच्या लोकपालाकडेही तुम्ही जाऊ शकता. मराठीत बोलून प्रकरण मांडणे तुम्हांला सोयीचे जाणार असेल, तर पुणे निवडा.

यंत्राच्या बाबतीत मात्र असा कोणताही रकाना शिल्लक नाही, हे स्पष्ट सांगतो. घरी वापरायचे सीपॅप, बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारे यंत्र), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशी उपकरणे बहुतेक पॉलिसींत नावानिशी वगळलेली असतात, आणि तुमच्या पॉलिसीतही ती आहेत. रुग्णालयात असताना वापरलेल्या सीपॅपचा खर्च उपचाराच्या खर्चातच धरला जातो, म्हणून तोही वेगळा मिळत नाही. भाच्याचे सांगणे त्याच्या देशापुरते खरे आहे: अमेरिकेच्या मेडिकेअरमध्ये यंत्र आधी भाड्याने देतात आणि तेरा महिन्यांनंतर ते रुग्णाच्या मालकीचे होते. यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ त्याच पद्धतीचे असतात. ते पाहून इथल्या विमा कंपनीला पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

गंमत म्हणजे स्लीप ॲप्नियाचे नाव तुमच्या पॉलिसीत एका ठिकाणी येते, आणि तेही भलत्याच संदर्भात. संकेतांक ०६ हा लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेविषयीचा आहे. वजन-उंचीचा निर्देशांक ३५ किंवा अधिक असून सोबत तीव्र स्लीप ॲप्नियासारखा आजार असेल आणि साधे उपाय थकले असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली शस्त्रक्रिया कंपनी विचारात घेते. यजमानांचा निर्देशांक ३५ च्या थोडा वर येतो. म्हणजे साठ हजारांच्या यंत्राला नाही म्हणणारी पॉलिसी लाखांच्या शस्त्रक्रियेला, अटी पुऱ्या झाल्यास, हो म्हणू शकते. मी तुम्हांला तो मार्ग सुचवत नाही. तो डॉक्टरांचा विषय आहे आणि पैशांसाठी पोटावर सुरी फिरवून घेऊ नये. पण वजनाचे महत्त्व यावरून कळावे. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे दीर्घकाळ चाललेल्या एका पाहणीत दहा टक्के वजन घटल्यास श्वास अडखळण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते, असे दिसले. यजमानांच्या बाबतीत हे नऊ-दहा किलो होतात.

एजंटांनी सुचवलेला "दोन दिवस ॲडमिट" हा मार्ग कृपया डोक्यातून काढून टाका. नैतिकतेचे व्याख्यान मी देत नाही, तुमच्याच फायद्याचे सांगतो. तुमच्या पॉलिसीला साठ महिने पूर्ण झाले आहेत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार सलग साठ महिने चाललेल्या पॉलिसीतील क्लेम माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी फेटाळू शकत नाही. तिला फसवणूक सिद्ध करावी लागते. इतकी वर्षे हप्ते भरून तुम्ही मिळवलेले हे संरक्षण खोट्या बिलाने एका दिवसात जाते, कारण ते बिल म्हणजेच फसवणुकीचा लेखी पुरावा असतो. नोंदी तपासायला कंपन्या माणसे पाठवतात, नर्सिंग चार्ट मागवतात, आणि समजा न्यूमोनियासाठी दाखल दाखवले, तर त्या रुग्णाच्या बिलात सीपॅपचा सिरियल नंबर का, याचे उत्तर तेव्हा एजंट नव्हे, तुमचे यजमान देणार असतात. पाच लाखांचे छत्र साठ हजारांसाठी पणाला लावू नये.

सासऱ्यांच्या नावावर यंत्र काढण्याविषयीही माझे मत तेच आहे, आणि तिथे वैद्यकीय कारण अधिक जड आहे. माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून तज्ज्ञांच्या शिफारशीवर सीपॅप मिळते, हे खरे आहे. पण तो हक्क त्यांचा आणि त्यांच्या अवलंबितांचा आहे. कमावता, संसारी मुलगा त्यात येत नाही. यंत्राचा दाब ज्याच्या तपासणीवरून ठरतो, त्याच्यासाठीच तो योग्य असतो. मात्र सासरेही घोरतात असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, ते मला खटकले. त्यांना बेळगावच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये त्यांच्या स्वतःसाठी घेऊन जा. झोपेत श्वास थांबतो का, सकाळी डोके दुखते का, दिवसा वर्तमानपत्र वाचता वाचता डोळा लागतो का, हे घरच्यांनी पाहिलेले तिथल्या डॉक्टरांना सांगा. त्यांना गरज निघाली तर यंत्र त्यांना मिळेल, आणि घरात एक खर्च तरी टळेल.

आता कोटेशन. त्यात ऑटो सीपॅप ४०,०००, ह्युमिडिफायर आणि गरम राहणारी नळी १२,०००, मास्क ८,००० आणि त्यावर बारा टक्के जीएसटी ७,२०० असे लिहिले आहे. डीलरने जुना दरतक्ता वापरलेला दिसतो. श्वसनोपचाराच्या अशा यंत्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्के झाला आहे. केवळ यंत्र आणि ह्युमिडिफायर धरले तरी साडेतीन हजारांहून अधिक फरक पडतो, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचे भाडे. नवे कोटेशन मागा. त्याच तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही शून्य झाला आहे, तोही नूतनीकरणाच्या वेळी तपासा.

डॉक्टरांनी ऑटो सीपॅप लिहिले आहे, तेवढेच घ्या. दुकानात "थोडे पैसे घालून बायपॅपच न्या" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या किंवा सीपॅपचा दाब सहन न होणाऱ्या रुग्णांसाठी बायपॅप असते, आणि तसे तुमच्या रिपोर्टमध्ये काही नाही. गरम नळी सध्या सोडून देण्यासारखी आहे. तुमच्याकडच्या पावसात हवेलाच इतकी ओल असते की चार महिने ह्युमिडिफायर बंद ठेवला तरी चालतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत नाक सुकायला लागले तर त्याचा उपयोग आहे. त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नको, नाहीतर तळाशी क्षार बसतात.

खरे पैसे वाया जातात ते मास्कमुळे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत यंत्र बिघडल्याच्या तक्रारी थोड्या असतात. यंत्र कपाटात पडून आहे, अशा तक्रारी पुष्कळ असतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा न बसणारा मास्क असतो. यजमानांना दाट मिशा आहेत असे तुम्ही सहज लिहिले आहे, पण मास्क निवडताना ही गोष्ट कळीची ठरते. नाकावर बसणाऱ्या मास्कची सिलिकॉनची कड वरच्या ओठावर टेकते, आणि मिशांमुळे तिथून हवा फुसफुसत राहते. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क अशा माणसाला बरा पडतो, पण तोंड उघडे टाकून झोपण्याची सवय असेल तर तो निरुपयोगी. मग नाक-तोंड दोन्ही झाकणारा घ्यावा लागतो. दुकानातल्या खुर्चीवर ताठ बसून मास्क लावून पाहू नका. आडवे होऊन, यंत्र चालू करून, उजव्या आणि डाव्या कुशीवर वळून पाहा, आणि डोळ्यांकडे वारा येतो का ते बघा. डीलरकडे कॉट नसेल तर त्याला घरी येऊन दाखवायला सांगा. साठ हजारांची विक्री असेल तर तो येतो. महिन्याच्या आत मास्कचे माप किंवा प्रकार बदलून देण्याची तयारी बिलावर लिहून घ्या.

भाड्याने घेताना दोन महिन्यांची बोली करा, आणि पुढे तेच मॉडेल विकत घेतल्यास भरलेले भाडे किमतीतून वजा होईल, हे लेखी घ्या. ऑटो यंत्र रोजचे तास, हवेची गळती आणि यंत्र लावूनही उरलेले श्वासाचे अडथळे यांची नोंद ठेवते. महिन्याअखेरीस ती नोंद डॉक्टरांना दाखवा. वापर रात्री चार तासांच्या वर टिकला असेल आणि उरलेला आकडा पाचच्या खाली आला असेल, तर विकत घ्यायला हरकत नाही. बिल यजमानांच्या नावावर, मॉडेल, सिरियल नंबर आणि डीलरचा जीएसटी क्रमांक यांसह घ्या, म्हणजे वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही.

पुण्याच्या दिरांचे यंत्र मी सरसकट नाकारणार नाही. घरातले आहे, कोणी किती वापरले ते ठाऊक आहे. मॉडेल मात्र आधी पाहा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आपली अनेक जुनी सीपॅप आणि बायपॅप यंत्रे परत मागवली होती, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. त्यांपैकी असेल तर फुकट दिले तरी घेऊ नका. नसेल, तर यंत्रातच दिसणारे चालू तास पाहा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाब तपासायला लावा, आणि मास्क, नळी, फिल्टर नवे घ्या. दाबाची मर्यादा डॉक्टरांकडून यजमानांच्या रिपोर्टप्रमाणे बदलून घ्यायलाच हवी. एवढे करून वीस-पंचवीस हजारांत काम झाले तर तो चांगला सौदा आहे. अनोळखी माणसाच्या ऑनलाइन जाहिरातीतील यंत्राला मात्र हात लावू नका.

सरकारी योजनांविषयी थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला, आणि त्यावरून दोन राज्यांत झालेला वाद तुम्ही जवळून पाहिला आहे. त्या वादाचे काहीही होवो, ती योजना काय किंवा कर्नाटकातील आयुष्मान आणि यशस्विनी काय, त्या रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. घरी न्यायचे यंत्र त्यांत मिळत नाही, म्हणून त्यासाठी हेलपाटे घालू नका. यजमानांचा पगार एकवीस हजारांच्या वर असल्याने ते ईएसआय या कामगार विमा योजनेतही बसत नाहीत; हे वाचणाऱ्या ज्या कामगारांचा पगार त्या मर्यादेत आहे, त्यांनी मात्र यंत्राची शिफारस घेऊन आधी ईएसआय रुग्णालयात विचारावे. यजमान साठीच्या आतले असल्याने यंत्राच्या खर्चावर प्राप्तिकरातही सूट नाही.

पावसाळ्यात खानापूरकडे लाईट किती जाते, हे तुम्हांला माहीत आहे. घरचा साधा इन्व्हर्टर रात्रभर सीपॅप चालवतो, फक्त लाईट गेल्यावर ह्युमिडिफायर बंद करा, कारण पाणी तापवण्यातच बॅटरी सर्वांत जास्त खर्च होते. म्हणून यंत्रासाठी वेगळी महागडी बॅटरी विकत घेऊ नका. मास्कची गादी, फिल्टर आणि नळी मात्र झिजतात आणि बदलावी लागतात. त्यासाठी पतसंस्थेत तुमची पिग्मी चालू आहेच, तिच्यात रोजचे दहा-वीस रुपये वाढवलेत तर वर्षाच्या शेवटी एकदम बोजा पडणार नाही.

राहिला मार्चमधला प्रश्न. त्याच कंपनीकडे नूतनीकरण केले, तर मध्ये आजार निघाला किंवा क्लेम घेतला या कारणावरून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. दुसऱ्या कंपनीकडे जाताना मात्र नवा प्रस्ताव-अर्ज भरावा लागतो, आणि त्यात स्लीप ॲप्निया व रक्तदाब दोन्ही लिहावेच लागतील; नवी कंपनी अर्ज नाकारू शकते किंवा हप्ता वाढवू शकते. लपवून गेलात आणि पुढे हृदयविकाराचा मोठा क्लेम आला, तर तुमच्या ऑगस्टच्या फाइलपर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागणार नाही. माझ्या मते तुमच्या परिस्थितीत पॉलिसी हलवू नये. ओपीडीचे संरक्षण हवे असेल तर आहे त्याच कंपनीकडे ते जोडून मिळते का, हे विचारा, आणि त्यात घरगुती उपकरणे येतात का, हे माहितीपत्रकात स्वतः वाचा. ते पत्रक स्थानिक भाषेत मागण्याचा तुम्हांला हक्क आहे. तरीही हलवायचेच ठरले, तर अर्ज एजंटांना भरू देऊ नका. यजमानांनी तो स्वतःच्या हाताने भरावा, आजारांचे रकाने कोरे ठेवून सही करू नये आणि सही केलेल्या प्रत्येक पानाची झेरॉक्स ऑगस्टच्या फाइलमध्येच लावून ठेवावी.